त्र्याऐंशीचा जंपर

उज्जैनला देवास गेटच्या मागच्या गल्लीत, जुन्या टायरांच्या दुकानाच्या वर, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. बावीस वर्षं ते चालवलं आणि गुडघे जिना चढेनात तेव्हा बंद केलं. सुरुवातीला जिना चढून येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागच्या भिंतीकडे, आणि विचारायचा, "इंजीनियर साहब कब आएंगे?" मी म्हणायची, "आ गए हैं, बैठिए." तरी काही जण बसून वाटच बघायचे.

मंडीतले एक सेठ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपला कॉम्प्युटर रिक्शातून घेऊन आले होते. चालू होत नव्हता. झाकण काढलं तर आत हळद, कुंकू, तांदळाचे दाणे आणि वाळलेलं नारळाचं पाणी. फ्लॉपीच्या खाचेत झेंडूचं अख्खं फूल कोंबलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, "मैडम, लक्ष्मी का घर है, पूजा तो करनी पड़ेगी न." ब्रशने सगळं साफ करायला दोन दिवस लागले. पुढच्या दसऱ्याला त्यांनी फोन करून विचारलं, की पूजा बाहेरून केली तर चालेल का.

अशा गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत. दिवाळी अंकासाठी त्याच लिहा, लोकांना आवडतात, असं संपादकांनी सुचवलंही होतं. मी दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा सेठजींचं झेंडूचं फूल लिहून झालं आणि पुढे पेठकरकाकाच आठवायला लागले. तेव्हा आता त्यांचंच लिहिते. हे वाचून कुणाला हसू येणार नाही.

आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे "चालू नहीं हो रहा". बाहेरच्या माणसाला वाटतं, बटण दाबलं की मशीन चालू होतं. तसं नसतं. बटण दाबल्यावर ते आधी स्वतःलाच तपासतं. मेमरी आहे का, पडद्यावर चित्र दाखवणारं कार्ड आहे का, कीबोर्ड आहे का. सगळं जागेवर असलं की एक छोटीशी बीप देतं आणि मग पुढे जातं. काही चुकलं असेल तर बीप लांब वाजते, किंवा तीनदा वाजते, आणि त्यावरून कुठे दुखतंय ते आम्हाला कळतं. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडदा काळा आणि बीप अजिबात नाही, हे सगळ्यात वाईट. म्हणजे तपासणाराच जागा नाही. अशी मशिन्स मला आवडायची. इंदूरला पाठवल्याशिवाय ती चालू करणारं उज्जैनमध्ये तेव्हा माझ्याशिवाय फारसं कुणी नव्हतं, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

दिगंबर पेठकर मिलमध्ये होते. हिशेबखात्यात नाही, कापडाच्या घड्या घालून माल बाहेर पाठवायच्या खात्यात. नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद झाली. त्यांच्या वयाचे बरेच जण मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिले. पेठकरकाकांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. आमच्या मराठी मंडळींत लग्न-मुंज असली की शूटिंगला तेच असायचे. सफारी घातलेले, खांद्यावर कॅमेरा, आणि विहिणी भांडायला लागल्या की कॅमेरा हळूच तोरणाकडे वळवणारे. लोकांना ते आवडायचे याचं खरं कारण तेच होतं.

नव्वदीच्या शेवटी शेवटी लोकांना नुसती कॅसेट पुरेना. नावं उडत यायला हवीत, नवरा-नवरी हृदयाच्या आकारात दिसायला हवीत. ते काम कॉम्प्युटरवर व्हायचं आणि त्याला मिक्सिंग म्हणायचे. पेठकरकाकांनी कॉम्प्युटर घेतला तो माझ्याच हातून. नानाखेड्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर मशीन, भिंतीला निळा पडदा. माझे वडील आणि ते जुने ओळखीचे, त्यामुळे मला ते "मंदा, तू" म्हणायचे.

एक लग्न मिक्स करून मशीनला लावलं की ते तयार व्हायला नऊ तास लागायचे. मधे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या काळात मध्य प्रदेशातल्या वीज कटौतीबद्दल मी काही लिहायला नको.

एका सकाळी ते वर्कशॉपवर आले आणि म्हणाले, "मंदा, हे जरा जलदी नाही का होऊ शकत? लगीनसराई डोक्यावर आलीये."

मी म्हटलं, "होऊ शकतं काका."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू. तो एका ठरावीक ठोक्यावर काम करतो. ते ठोके मदरबोर्डाकडून येतात. काकांच्या बोर्डावर ते सेकंदाला सहासष्ट दशलक्ष होते. बोर्डावर बारीक पिनांची एक रांग असायची आणि कोणत्या दोन पिनांवर प्लास्टिकची एवढीशी टोपी चढवली आहे त्यावर हा ठोका ठरायचा. त्या टोपीला जंपर म्हणतात. जंपर एक घर सरकवला की सहासष्टचे पंच्याहत्तर व्हायचे, आणखी एक घर सरकवला की त्र्याऐंशी. प्रोसेसर तोच, फक्त ज्या वेगासाठी तो बनवला आहे त्याहून जास्त पळवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. इंदूरच्या पार्ट्सच्या बाजारात पोरं पैजा लावून हे करायची. मी मासिकात वाचून शिकले होते आणि स्वतःच्या मशीनवर करून पाहिलं होतं.

"मशीनला काही होणार तर नाही?" काकांनी विचारलं.

"काही होत नाही. फक्त गरम होतं. मोठा पंखा लावू."

मी नानाखेड्याला गेले, मोठा पंखा बसवला आणि जंपर पंच्याहत्तरवर ठेवला. नऊ तासांचं काम आठ तासांवर आलं. काकांनी मला पोहे खाऊ घातले, शेजारच्यांना बोलावून सांगितलं की ही आमची मंदा, हिने मशीनला घोडा केला. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. सीझन अंगावर आला होता, चार लग्नं बाकी होती. म्हणाले, "अजून थोडं?"

त्या वेळी मी नाही म्हणायला हवं होतं. मला भीती वाटली नाही असं नाही. पण "नाही होत" हे वाक्य मला त्या काळात बोलताच यायचं नाही. बाईमाणूस आहे, हिला काय जमणार, असं बघणाऱ्या इतक्या डोळ्यांसमोर मी काम केलं होतं, की जमत नाही म्हणणं म्हणजे त्यांचं खरं करणं असं वाटायचं. आणि काका तर तसं बघणाऱ्यांतले नव्हतेही. तरी मी म्हटलं, "बघू या," आणि जंपर त्र्याऐंशीवर सरकवला. मशीनचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं, समोर टेबलफॅन लावला. बीप आली. काम साडेसात तासांवर आलं. मी वर्कशॉपवर येऊन इंदूरच्या पार्ट्सवाल्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

मला जे माहीत नव्हतं ते असं. तो ठोका एकट्या प्रोसेसरला मिळत नाही. त्याच ठोक्याची वाटणी होऊन तो हार्ड डिस्कपर्यंत जातो, म्हणजे जिथे सगळं साठवलेलं असतं तिथपर्यंत. पंच्याहत्तरपर्यंत डिस्क सांभाळून घेते. त्र्याऐंशीवर तिला तो वेग पेलेलच असं नाही. मग लिहिलेलं कधी बरोबर पडतं, कधी चुकीच्या जागी पडतं. मशीन तक्रार करत नाही. वरून सगळं छान चाललेलं असतं आणि आत कुठली फाइल कुठे ठेवली याची नोंद बिघडत जाते. मला वाटत होतं, झालंच तर प्रोसेसर जळेल. प्रोसेसर नवा आणता येतो.

आठ-दहा दिवस मशीन चाललं. मे महिना होता, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. एका सकाळी काकांचा फोन आला. "मंदा, काल काम चालू असताना चित्र गोठलं. बंद करून चालू केलं तर काहीच नाही. काळं."

"बीप?"

"नाही."

"येते."

मी पेटी घेऊन लूनावरून नानाखेड्याला गेले. काका दारातच उभे होते. नेहमी मी आले की त्यांचं काहीतरी थट्टेचं बोलणं असायचं, त्या दिवशी नव्हतं. मी झाकण काढत असताना ते म्हणाले, "आत उमरीकरांच्या स्वातीचं लग्न आहे."

उमरीकर रेल्वेत गार्ड होते. मलाही माहीत होते. माझे वडील सिग्नलखात्यात असताना आमची आणि त्यांची क्वार्टर्स एकाच ओळीत होती. स्वाती त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झाल्यावर नवव्या दिवशी उमरीकर नागद्याहून गाडी घेऊन येत होते. उज्जैनला गाडी थांबली, गार्डाच्या डब्यातून कुणी खाली उतरेना, म्हणून बघायला गेले तर ते खुर्चीवर बसलेले होते आणि गेलेले होते. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"कॅसेट तर आहे न काका?" मी विचारलं. "शूटिंगची मूळ कॅसेट."

काका म्हणाले, "त्याच्यावर देशमुखांची मुंज घेतली."

सीझनमध्ये सगळेच तसं करायचे. शूटिंग एकदा कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं की तीच कॅसेट पुढच्या कार्यक्रमाला वापरायची. उमरीकर गेले तेव्हा ती मुंज आधीच होऊन गेली होती. उमरीकर गार्डांचं चालणं, बोलणं, हसणं आता जगात एकाच जागी होतं, आणि ती जागा माझ्यासमोर झाकण काढून पडली होती.

मी कामाला लागले. अशा वेळी करायचं ते ठरलेलं असतं. सगळी कार्डं काढायची, डिस्कची तार काढायची, फक्त प्रोसेसर आणि मेमरी ठेवून बटण दाबायचं. काळंच. बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिच्या जोरावर मशीन आपली सेटिंग्ज लक्षात ठेवतं. ती काढून दहा मिनिटं बाजूला ठेवली, म्हणजे मशीन सगळं विसरेल आणि कोरं होऊन उठेल. काळंच. जंपर त्र्याऐंशीवरून काढून सहासष्टवर ठेवला. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. प्रोसेसर काढला, पुसला, थंड होऊ दिला. मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात पेन्सिलीच्या खोडरबराने घासले, पुन्हा बसवली. बटण दाबलं.

बीप आली.

पेठकरकाकू स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी देवापुढे हात जोडले. काका खुर्चीत बसले आणि रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "जीत गए." मी डिस्कची तार लावली आणि पुन्हा चालू केलं.

आता जे सांगते ते मी पुढे वर्कशॉपवर शिकायला आलेल्या प्रत्येकाला शिकवलं, पण मी हे कुठे शिकले ते कुणाला सांगितलं नाही.

मशीन मधेच बंद पडलं असेल तर पुन्हा सुरू होताना ते आपोआप डिस्क तपासायला घ्यायचं. निळा पडदा यायचा, पिवळी पट्टी सरकत जायची. काही बिघडलेलं सापडलं की विचारायचं, दुरुस्त करू का? आम्ही सगळे डोळे मिटून हो म्हणायचो. पण ही दुरुस्ती म्हणजे माझ्यासारखी दुरुस्ती नव्हे. तिला फक्त नोंदवही नीट करायची असते. कोणत्या पानाचा धागा कुठे जातो हे तिला कळलं नाही, की ती ती पानं सुटी करते, प्रत्येकावर एक नंबर टाकते आणि मोकळी होते. वही स्वच्छ, आणि पुस्तक गेलं. डिस्कवर मोलाचं काही असेल तर ती त्या मशीनवर सुरूच करायची नसते. काढायची, दुसऱ्या चांगल्या मशीनला लावायची, तिच्यावर एक अक्षरही न लिहिता आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. तेव्हा ते मला अर्धवट माहीत होतं. पण नुकतीच बीप आली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

पडद्यावर प्रश्न आला. मी 'हो'चं बटण दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी "सगळं दुरुस्त कर, विचारू नकोस" असं म्हटलं आणि पेठकरकाकूंनी आणलेला चहा हातात घेतला.

मशीन उठलं तेव्हा 'उमरीकर' नावाचा फोल्डर नव्हता. त्याच्या जागी नंबर घातलेले शेकडो तुकडे होते.

तीन दिवस मी ती डिस्क वर्कशॉपवर ठेवून एकेक तुकडा उघडून बघितला. बहुतेक उघडलेच नाहीत. काहींमध्ये हिरव्या-जांभळ्या चौकटी. एकात मांडवाचं छत. एकात कुणाच्या तरी हातातली पंगतीची बादली. तिसऱ्या दिवशी सतरा सेकंदांचा एक तुकडा सापडला, आवाजासकट. त्यात उमरीकर मांडवाच्या दाराशी उभे होते, मनगटावरचं घड्याळ बघत. मग त्यांना कॅमेरा दिसला आणि ते हाताने बाजूला करत म्हणाले, "अहो पेठकर, माझं काय काढता, तिकडे पोरीचं काढा न." आणि कॅमेरा आज्ञाधारकपणे वळला.

तेवढं मी एका कॅसेटवर उतरवलं.

काकांनी उमरीकरकाकूंना निरोप दिला आणि मलाही बोलावलं. म्हणाले, "तू असशील तर बरं. मशीनचं मला नीट सांगता येणार नाही." रविवारी सकाळी काकू आणि स्वाती आल्या. स्वाती सासरहून दोन दिवसांसाठी आली होती. काकांनी टीव्ही लावून ठेवला होता. आधी त्यांनी ते सतरा सेकंद दाखवले. स्वाती एकदम पुढे सरकून बसली. मग पडदा काळा झाला.

"पुढे?" काकूंनी विचारलं.

"पुढचं नाही वहिनी," काका म्हणाले. "एवढंच राहिलं. मशीन बंद पडलं."

"बंद कसं पडलं? नवीनच तर होतं न?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात उगाचच एक पेचकस होता, येताना पेटीतून काढून घेतलेला. त्या क्षणी मला फक्त एवढं म्हणायचं होतं, काकू, मी वेग वाढवला, आणि नंतर मीच घाईने बटण दाबलं. सगळे शब्द तयार होते. मी पेचकसाच्या मुठीकडे बघत राहिले. काका थांबले होते. किती वेळ ते मला आजही सांगता येणार नाही, पण मला बोलायला पुरेल इतका वेळ होता.

मग ते म्हणाले, "मी त्याचा वेग वाढवून ठेवला होता. काम जलदी व्हावं म्हणून. झेपला नाही त्याला. माझी चूक झाली."

"वेग?" स्वाती म्हणाली. "तुमच्या घाईपायी काका?"

"हो बेटा."

मग माझ्याकडे हात करून ते म्हणाले, "उलट मंदाने तीन दिवस बसून एवढं तरी वाचवलं."

उमरीकरकाकू उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तुझे उपकार झाले गं." मी तेव्हाही काही बोलले नाही. जाताना त्यांनी पेठकरांकडे पाहिलंही नाही. कॅसेट मात्र पदरात धरून नेली.

उज्जैनमधली मराठी घरं ती किती. आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. पेठकरांनी उमरीकरांचं लग्न घालवलं, कॅसेट पुसून मुंजीला वापरली, मशीनशी खेळ केले. पुढच्या मोसमात त्यांना दोन कामं मिळाली, त्याच्या पुढच्या मोसमात एकही नाही. माझं काम मात्र वाढलं. बँकांची मशिन्स यायला लागली, कॉलेजची यायला लागली. "मंदाताईने मेलेल्या डिस्कमधून उमरीकरांना बोलतं केलं," असं लोक सांगायचे, आणि मी ते ऐकून घ्यायची. कॅमेरा काकांनी विकला. राम घाटाच्या वरच्या अंगाला एका धर्मशाळेत यात्रेकरूंची नावं लिहून घ्यायची नोकरी धरली.

तिथे मी त्यांना तीन-चार वर्षांनी भेटले. धर्मशाळेचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून मलाच बोलावलं होतं. काका काउंटरच्या मागे बसलेले होते, सफारीऐवजी बंडी आणि धोतर. "ये मंदा," म्हणाले. काम किरकोळ होतं, उंदराने तार कुरतडली होती. तार बदलून झाल्यावर मी विचारलं, "काका, तुम्ही त्या दिवशी असं का सांगितलंत?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. म्हणाले, "मला वाटलं तू सांगशील. थोडा थांबलो मी. मग तुझ्याकडे बघवेना. तुझं दुकान नवं, त्यात बाईचं. लोक टपूनच होते. माझं काय, एक मिल बंद होऊन बघितली होती, अजून एक बंद झाली."

"मी काकूंना जाऊन सांगते."

"आता राहू दे," ते म्हणाले. "आता सांगून त्या बाईला काय मिळणार?" तेवढ्यात राजस्थानकडचं एक मोठं कुटुंब खोली मागायला आलं आणि ते त्यांची नावं लिहायला लागले.

'राहू दे' म्हणाले, म्हणून मी राहू दिलं. आपल्याला हवं असतं तेवढंच आपण ऐकतो. त्यांच्या आवाजात राहू द्यायचं नव्हतं, हे मला तिथून घाटाच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं.

त्यानंतर चार वर्षांनी पेठकरकाका गेले. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी पेठकरकाकू मुलीबरोबर पुण्याला गेल्या; घर मागाहून विकलं. काकांच्या तेराव्याला मी गेले होते. पंधरा-वीस माणसं होती. ज्यांच्या घरची निम्मी लग्नं त्यांनी काढली होती, त्यांतली फारच थोडी.

तेराव्याहून आल्यावर मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उमरीकरकाकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. स्वाती दूर सासरी, घरात एकट्याच. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. जंपर म्हणजे काय, वेग कुणी वाढवला, निळ्या पडद्यावर काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, आणि त्या रविवारी मी गप्प का बसले. मधे त्यांनी काहीच विचारलं नाही. हात फक्त ताटात थांबला होता.

माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "ते मला बाजारात भेटायचे."

त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"दरवेळी नमस्कार करायचे. मी तोंड फिरवून घ्यायची. स्वातीच्या मुलाच्या बारशाला त्यांची बायको झबलं घेऊन आली होती. मी दारातूनच परत पाठवली तिला. उन्हातून आली होती ती, पाणीसुद्धा विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढला आणि ताटातच ठेवला. "मशीनचं मला काही समजत नाही मंदा. तुझ्याकडून बिघडलं, त्यांच्याकडून बिघडलं, माझ्या माणसाचं नशीबच तेवढं होतं म्हणायचं. पण आठ-नऊ वर्षं मी एका चांगल्या माणसाशी इतकी वाईट वागले. ते तू माझ्याकडून करवून घेतलंस."

"काकू, माझं चुकलं."

"ते मला कशाला सांगतेस? ज्याला सांगायचं तो गेला."

मी उठले. जिन्यापाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. "त्यांच्या बायकोचा पुण्याचा पत्ता आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लिहून दे."

टेबलावरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर मी पत्ता लिहिला. काकूंनी चष्म्याला लागलेला तांदळाचा भुसा पदराने पुसला, चष्मा लावला आणि पत्ता दोनदा वाचला.

"फोन नाही?"

"नाही. मुलीचं घर आहे. मला फक्त पत्ताच मिळाला."

"चालेल. मी जाऊनच येते," त्या म्हणाल्या. "फोनवर नाही बोलता यायचं." मग ताट बाजूला सारून त्या उठल्या आणि कपाटातून प्रवासाची पिशवी काढायला लागल्या. सत्तर वर्षांची बाई, एकटी, उज्जैनहून पुण्याला.

मी म्हटलं, "मी येऊ बरोबर?"

"नको," काकू म्हणाल्या. "तू तुझं वेगळं जा."